पंपिंग ६० टक्के

मागचा मंगळवार, आमच्याकडचा बाजाराचा दिवस. दुपारी तीनच्या सुमारास गर्दी ओसरली आणि एक बाई दुकानाच्या पायरीशी येऊन थांबली. पंचावन्नच्या आसपासची असेल. डोक्यावर पदर, हातात दवाखान्याची प्लास्टिकची पिशवी. माझ्या मेडिकलला तीन पायऱ्या आहेत. ती पहिल्या पायरीवर थांबली, दुसरीवर थांबली, आणि वर आल्यावर काउंटरवर दोन्ही हात टेकवून बराच वेळ नुसती श्वास घेत राहिली. मग पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट. "दादा, एवढं वाचून सांगा. पंपिंग चांगलं हाये ना?" मी घडी उलगडली. वरच्याच भागात ठळक छापलेलं होतं, ईएफ, म्हणजे पंपिंग, ६० टक्के. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. 'चांगलं आहे मावशी, काळजी करू नका.' अठरा वर्षं मी या काउंटरमागं उभा आहे आणि हे वाक्य दिवसातून चार-पाच वेळा तरी बोलत आलोय. लोक ते ऐकायलाच येतात. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथंच अडकलं. "बसा जरा," एवढंच म्हणालो आणि आतला स्टूल बाहेर आणून ठेवला.

ती बसली. मी कागद हातात धरून तसाच उभा राहिलो.

हेच वाक्य मी चार वर्षांपूर्वी आबांना सांगितलं होतं. आबा म्हणजे माझे चुलते. घरात मी एकटाच औषधांच्या धंद्यातला, त्यामुळं कुणाचाही कागद आधी माझ्या हातात येतो आणि मी म्हणेन तो शेवटचा शब्द धरला जातो. जानेवारी होता. आबांच्या मुलाला, म्हणजे आमच्या धाकट्याला, लग्नाहून आल्यावर ताप भरला. पहिल्या तीन दिवसांच्या गोळ्या माझ्याच दुकानातून गेल्या. पाचव्या दिवशी तो कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून आला, ओठ निळसर, बोलताना तिसऱ्या शब्दाला थांबत होता. मी बोटाला ऑक्सिमीटर लावला. ८२. मशीन बिघडलं असेल म्हणून तेच माझ्या बोटाला लावलं. ९८. तो आकडा माझ्या बोटावर लुकलुकत होता आणि समोर चौतीस वर्षांचा, पन्नास किलोचं पोतं एका झटक्यात खांद्यावर घेणारा पोरगा स्टूलवर वाकून बसला होता. बीडला नेलं, तिथून रात्रीच संभाजीनगरला. गेवराई गेली, शहागडचा पूल गेला, पाचोड गेलं, आणि अँब्युलन्समध्ये मी फक्त ऑक्सिजनच्या नळकांड्यावरचा काटा बघत होतो.

पहिल्याच दिवशी तिथं इको झाला. ईएफ ६०. मी व्हरांड्यात आलो. आबा भिंतीला टेकून उकिडवे बसले होते. म्हणालो, "आबा, हृदय एक नंबर आहे. फक्त फुप्फुसाचं आहे. पोरगा तरणा आहे, निघंल." आबांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा चहा घेतला.

स्वाइन फ्लूनं दोन्ही फुप्फुसं भरली होती. एक्स-रेत जिथं काळं दिसायला पाहिजे तिथं सगळं पांढरं, कापसाच्या गंजीसारखं. व्हेंटिलेटर लागला, झोपेची औषधं लागली. मग त्याला पालथं झोपवलं, दिवसातले सोळा तास. काकूंना ते बघवेना, "लेकराला असं तोंडावर कामून पाडलंय," म्हणत त्या बाहेर आल्या. पण या साध्या गोष्टीला मोठा आधार आहे. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये दाखवलं की इतक्या बिकट आजारात पालथं ठेवलेल्यांपैकी १६ टक्के लोक २८ दिवसांत दगावले, उताणं ठेवलेल्यांत हाच आकडा जवळजवळ ३३ टक्के होता. त्याला ना महागडं यंत्र लागतं, ना नवं औषध. चार-पाच माणसं, दोन चादरी, आणि नळ्या सांभाळणारा एक शांत हात. धाकट्याला त्यानं दीड दिवस तारलं. चौथ्या रात्री दीड वाजता आम्हाला आत बोलावलं. डॉक्टर तरुण होते, परभणीकडचे, डोळ्यांत झोप नव्हती. म्हणाले, "ऑक्सिजन टिकत नाहीये. आणि आता उजवं हृदय दमायलंय."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "तू तर म्हणला होतास, हृदय एक नंबर हाये."

आवाजात राग नव्हता. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

डॉक्टरांनी एका लॅबच्या कागदामागं चित्र काढलं. तो कागद अजून आबांच्या पेटीत सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी आहे. आधी एक गोल, भाकरीसारखा. हे डावं हृदय. त्याला बिलगलेली एक चंद्रकोर. हे उजवं. दोन्ही मिनिटाला सारखंच रक्त पुढं ढकलतात, साधारण पाच लिटर. पण डाव्याला ते डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत पोचवायचं असतं, १२० च्या दाबानं. उजव्याला फक्त शेजारच्या फुप्फुसात सोडायचं असतं, तिथं पंचवीसच्या आसपास दाब पुरतो. म्हणून डाव्याची भिंत सेंटिमीटरभर जाड आणि उजव्याची तीन ते पाच मिलिमीटर. आपण सगळे जे 'पंपिंग किती टक्के' विचारतो, तो आकडा डाव्याचा. उजव्याचं त्यात काहीच कळत नाही. तेव्हाही चौदा वर्षं औषधं विकलेल्या माणसाला हे माहीत असायला पाहिजे होतं. कधीतरी शिकलोही होतो. पण व्हरांड्यात आबांपुढं उभं राहताना मला फक्त चांगली बातमी हवी होती, आणि ६० हा आकडा चांगल्या बातमीसारखा दिसत होता.

मग डॉक्टरांनी दुसरं चित्र काढलं. कोर फुगून मोठी झालेली, आणि भाकरी एका बाजूनं चेपून अर्धी राहिलेली. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा पोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या आपोआप आवळतात. अंगात कार्बन डायऑक्साइड साठला की आणखी आवळतात. बारीक गुठळ्या होतात. त्यात व्हेंटिलेटर. भरलेली फुप्फुसं उघडी ठेवायची तर हवा दाबानं आत ढकलावी लागते, आणि तोच दाब उजव्या हृदयाच्या वाटेवर येऊन बसतो. अशा रुग्णांत पाचात एकाचं तरी उजवं हृदय या ओझ्याखाली येतं. ते फुगतं, मधली भिंत डावीकडं सरकते, मग डाव्याला भरायला जागाच राहत नाही आणि रक्तदाब कोसळतो.

आबा चित्राकडं बघत होते. मग हळूच म्हणाले, "म्हंजी मोटर खालच्या रानाची, आन् पाणी टेकाडावर चढवायलोत आपण."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हो काका. तसंच."

मला ती मोटर आठवली. मी दहावीत असेन. आबांनी टेकाडावर डाळिंब लावलं होतं आणि विहिरीवरची जुनी तीन एचपीची मोटर त्याच पाइपाला जोडली. रात्रीची लाईट होती. आम्ही दोघं विहिरीच्या काठावर पडून होतो. मोटरीचा आवाज चालू, पण वरच्या तोटीतून थेंब येईना. पाणी आतल्या आत घुसळत होतं. आबा उठून खाली उतरले, पंपावर हात ठेवला आणि चटका बसल्यागत मागं घेतला. सकाळी वायंडिंग जळाल्याचा वास सगळ्या मळ्यात होता. रिवायंडिंगवाला म्हणाला, मोटर खराब लागली असेल. आबा म्हणाले, मोटरीत खोट न्हवती, ती तेवढ्या उंचीची न्हवती. त्या रात्री दवाखान्यात त्यांना जे दोन मिनिटांत समजलं, ते मला समजायला पुढचे चार दिवस लागले.

एक्मो, म्हणजे फुप्फुसाचं काम अंगाबाहेर करणारं यंत्र. त्याची टीम दुसऱ्या शहरातून गाडीनं पहाटे आली. जमीन विकायचा निर्णय कधी झाला ते मला आठवत नाही. आबांनी विचारलं किती, डॉक्टरांनी रोजचा खर्च सांगितला, आबांनी फोन लावला. दीड एकर. विहिरीचा तुकडा ठेवला. डॉक्टरांनी सही घेण्याआधी सगळं सांगितलं, आणि त्यासाठी मी आजही त्यांचा ऋणी आहे. म्हणाले, हे यंत्र न्युमोनिया बरा करत नाही. रक्त बाहेर काढतो, त्यात ऑक्सिजन भरतो, कार्बन डायऑक्साइड काढून घेतो आणि परत देतो. परत देण्याच्या दोन जागा आहेत. धमनीत दिलं तर हृदयालाही थेट आधार मिळतो, पण डाव्या हृदयाला त्या धारेच्या विरुद्ध ढकलावं लागतं, पायाचा रक्तपुरवठा धोक्यात येतो, आणि आजारी फुप्फुसातून आलेलं निळं रक्त आधी डोक्याकडं जाऊ शकतं. शिरेतून काढून शिरेतच परत दिलं तर हृदयाला सगळं काम स्वतःच करावं लागतं. आपण दुसरा मार्ग घेऊ. कारण त्याचं हृदय मुळात आजारी नाही. "मोटर बदलत नाही काका. टेकाड कमी करतो."

जांघेतून एक नळी, मानेतून एक. ठिबकची सोळा एमएमची नळी असते ना, बाहेर दिसणाऱ्या नळ्या जवळजवळ तेवढ्या जाडीच्या. एकीतून पिकल्या जांभळासारखं काळपट रक्त बाहेर यायचं आणि दुसरीतून कुंकवासारखं लालभडक आत जायचं. मधे तळहाताहून थोडी मोठी पारदर्शक पेटी. तिच्यात केसासारख्या पोकळ धाग्यांची जाळी, धाग्यांच्या आतून हवा, बाहेरून रक्त. दर काही तासांनी परफ्युजनिस्ट, म्हणजे ते यंत्र सांभाळणारा माणूस, त्या पेटीवर टॉर्च मारून कोपरे तपासायचा, कुठं गुठळी धरलीय का म्हणून. गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिन, आणि हेपॅरिनमुळं कुठून रक्त जाईल ही धास्ती. हेपॅरिनच्या बाटल्या मी किती विकल्या असतील. एकेका थेंबाची अशी राखण मी तिथं पहिल्यांदा बघितली.

तिसऱ्या दिवशी आबा काचेबाहेर उभे होते. बाहेर येणाऱ्या रक्ताची नळी चादरीवर थरथरायला लागली, बारीक-बारीक उसळ्या. आबा ताठ झाले. "सक्शनला पाणी कमी पडलंय," ते मला म्हणाले, "फुटबॉल उघडा पडला की पाइप अशीच हादरती." फुटबॉल म्हणजे विहिरीत बुडालेल्या पाइपाच्या तोंडाची झडप. मी आत बघेपर्यंत सिस्टर तिथं पोचलीच होती. पंपाचे फेरे कमी केले, सलाइन सोडलं, नळी शांत झाली. नंतर ती बाहेर आली तेव्हा आबांनी तिला विचारलं, पाणी कमी झालं होतं का. ती चमकली. "तुम्हाला कसं कळलं?" आबा काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून ते काचेशी उभे राहिले की मॉनिटरकडं बघायचे नाहीत, नळीकडं बघायचे. आम्ही बाकीचे सगळे ऑक्सिजनच्या आकड्याला चिकटलेलो.

टेकाड खरंच उतरलं. व्हेंटिलेटरचा दाब खाली आणला, फुप्फुसांना अगदी हलका श्वास, मिनिटाला दहाच. दुसऱ्या दिवशीच्या इकोत कोर थोडी आक्रसली होती. रक्तदाबासाठी चालू असलेलं नॉरअॅड्रेनलिन निम्म्यावर आलं.

रात्री झोप यायची नाही. हॉलमध्ये फिनेलचा वास, भाकरीच्या फडक्यांचा वास, एका सॉकेटला अडकवलेले पाच चार्जर. मी मोबाईलवर वाचत बसायचो. २०१८ चा एक अभ्यास सापडला, २४९ रुग्णांचा. एक्मो लावलेल्यांत साठ दिवसांत ३५ टक्के गेले, न लावलेल्यांत ४६ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीला हा फरक पुरा पडला नाही असं तिथंच लिहिलं होतं. शंभरात अकरा. मी तो अकराचा आकडा कितीदा मनात मोजला. त्या अकरांत आमचा एक असेल का, आणि नसला तर दीड एकराचा हिशेब मी आबांना कसा सांगणार.

आता जे सांगायचं आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

त्याच हॉलमध्ये एक पोरगा होता, धारूरकडचा, पंचविशीच्या आतला. ऊसतोडीला कारखान्यावर गेलेलं जोडपं. कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीतच बायकोला ताप आला, दोन दिवस अंगावर काढला कारण खाडा परवडत नाही, आणि मग तोच आजार, तेच पांढरे एक्स-रे. दोन दिवसांचे पैसे मुकादमानं उचलीत लावून दिले होते. तो खिडकीखाली पिशवी उशाला घेऊन बसायचा. काकू त्याला भाकरी द्यायच्या, तो आधी नको म्हणायचा, मग पाठ फिरवून खायचा. सहाव्या दिवशी तो माझ्याजवळ आला. मी औषधवाला आहे हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणाला, "भाऊ, तुमच्या भावाला लावलं ते मशीन आमच्या हिला कामून लावीत नाहीत?" मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. आणि म्हणालो, "ते सगळ्यांना लागत नाही. तिचं हृदय चांगलं असंल." त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते समाधान होतं. त्यानं मान डोलावली आणि जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खालून औषधं घेऊन आलो तेव्हा खिडकीखाली पिशवी नव्हती. सिस्टरला विचारायचं धाडस झालं नाही. काकूंनी विचारलं. पहाटे गेली.

तिला ते लागत होतं की नव्हतं, मला माहीत नव्हतं. तिचं हृदय कसं होतं, मला माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की त्याच्याकडं विकायला दीड एकर नाही, आणि ते तोंडानं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. आबांना मी खोटं बोललो ते न कळून बोललो. त्याला मी कळून बोललो. आबांनी मला माफ केलं, कदाचित त्यांच्या मनात कधी काही नव्हतंच. त्या पोराचं मला नावही माहीत नाही.

नंतर वाचताना कळलं की या यंत्रानं वाचलेलं पहिलं नवजात बाळ असंच एका परक्या मुलखात आलेल्या गरीब आईचं होतं. १९७५, कॅलिफोर्निया. मेक्सिकोतून आलेली बाई, बाळंत झाली, बाळाच्या फुप्फुसात घाण गेलेली. आई बाळाला तिथं सोडून गेली. रॉबर्ट बार्टलेट या डॉक्टरांनी बाळाला यंत्रावर घेतलं, ते वाचलं, आणि नर्सेसनी त्याचं नाव ठेवलं एस्पेरान्झा, म्हणजे आशा. मी ते वाचून मोबाईल पालथा ठेवला होता. मला त्या क्षणी बाळ दिसलं नाही, खिडकीखालची जागा दिसली. तिथं एका टाकून दिलेल्या लेकरासाठी कुणीतरी सगळं पणाला लावलं होतं. इथं धारूर तालुक्यातली बावीस-तेवीस वर्षांची पोर तीस पावलांवर त्याच यंत्राशेजारच्या खोलीत होती.

धाकटा तेरा दिवस त्या नळ्यांवर होता. शेवटी एका सकाळी यंत्राची हवा बंद करून बघितली. रक्त फिरत होतं, पण पेटीत ऑक्सिजन नाही. हळूहळू लाल नळी काळपट झाली, दोन्ही नळ्या एकाच रंगाच्या. आबांनी काच धरली, त्यांची बोटं पांढरी पडली. मी मॉनिटर बघितला, ९४. त्याची स्वतःची फुप्फुसं काम करत होती. मी ते आबांना सांगितलं नाही. डॉक्टरांना बाहेर बोलावलं, म्हणालो तुम्हीच सांगा. सहा महिन्यांनी इको केला तेव्हा कोर होती तेवढी झाली होती. आता तो विहिरीपर्यंत जाऊन येतो, वाटेत बाभळीखाली एकदा टेकतो. पोतं उचलत नाही. टेकाडाकडं आबा अजून बघतात, पण तिकडचं काही बोलत नाहीत.

मंगळवारी त्या बाईच्या रिपोर्टवर मी पहिल्यांदाच वरची ओळ सोडून खाली वाचत गेलो. सहाव्या-सातव्या ओळीत होतं. उजवं हृदय मोठं झालेलं, फुप्फुसाच्या धमनीतला दाब ५५. "मावशी, चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला?" ती हसली. "लगीन झाल्यापून. चाळीस झाली असतील. गॅस हाये, पण पावणे आले की लावतो." खोकला दहा वर्षांपासून, पायावर सूज दिवाळीपासून. ६० टक्के पंपिंग घेऊन ती चार महिने तीन माणसांकडं फिरली होती आणि तिघांनीही चांगलं आहे म्हणून सांगितलं होतं. मी बिलबुकातला कागद उलटा केला, एक गोल काढला, त्याला बिलगून कोर काढली. मग शेजारी फुगलेली कोर. धूर, फुप्फुस, उजवी बाजू, सगळं हळूहळू सांगितलं. चांगलं आहे असं म्हणालो नाही. वाईट आहे असंही म्हणालो नाही. म्हणालो, हे फुप्फुसाच्या डॉक्टरला दाखवावं लागंल, आणि थांबून चालणार नाही.

ती चित्रावर बोट ठेवून बघत होती. कोरीच्या कडेवरून बोट फिरवलं. "एवढी फुगलीय?"

"हो."

"आन् ही दुखत कामून न्हाई?"

मला उत्तर आलं नाही. मी डॉक्टरांचे वार कागदाच्या कोपऱ्यात लिहिले, मंगळवार आणि शुक्रवार, खाली माझा नंबर. तिनं कागदाची चार घड्यांची पुडी केली, पिशवीत नाही, कनवटीला खोचली. तिच्या गावची गाडी चारला होती. अजून वीस मिनिटं होती म्हणून ती बसून राहिली, आणि मीही गिऱ्हाईक येईपर्यंत काउंटरच्या अलीकडं येऊन तिच्याशेजारी पायरीवर बसलो.